चोवीस तासांतली सम

आठवड्याला किती तास काम करावं, यावर अधूनमधून मोठा वाद पेटतो. कुणीतरी एक आकडा बोलून जातो आणि पुढचे चार दिवस सगळे त्या आकड्याभोवती फिरत राहतात. कष्टाशिवाय काही मिळत नाही, असं एक बाजू म्हणते. मग घरच्यांसाठी जगायचं कधी, असं दुसरी विचारते. तास मात्र दोघीही मोजतात.

मीही बरीच वर्षं तेच केलं. वहीत काम, घर आणि झोप असे तीन रकाने पाडले. बेरीज रोज बरोबर चोवीस यायची, आणि तरी अंथरुणाला पाठ टेकताना वाटायचं की आज यातलं एकही धड झालं नाही. पुढे झोपेविषयी आणि शरीरातल्या घड्याळाविषयी वाचू लागले तेव्हा चूक सापडली. सकाळी दहाचा तास आणि रात्री अकराचा तास माझ्या वहीत सारखेच होते, पण शरीराच्या लेखी ते सारखे नसतात. तास किती, यापेक्षा तो कुठला आणि तो रोज त्याच जागी येतो का, यावर खूप काही अवलंबून असतं. ते कसं, हे इथे सोप्या शब्दांत मांडते आहे.

आठ-आठ-आठ ही वाटणी आली कुठून?

आठ तास काम, आठ तास स्वतःसाठी आणि आठ तास विश्रांती ही मागणी रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालकाच्या नावाशी जोडली जाते. १८१७ च्या सुमारास त्याने ती मांडली. त्या काळी गिरण्यांत दिवसाचे बारा-चौदा तास काम चालायचं आणि त्यात लहान मुलंही असायची. शंभर वर्षांनी, १९१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली. तिने केलेला पहिलाच करार कारखान्यांतल्या कामाच्या वेळेबद्दल होता: दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८.

कामगाराच्या आयुष्याभोवती घातलेलं हे कुंपण होतं आणि ते फार मोलाचं होतं. पण कुंपणाच्या आत कसं जगायचं, हे त्यात सांगितलेलं नव्हतं. त्या हिशोबात प्रवास नाही, स्वयंपाक नाही, मुलांचा अभ्यास नाही, आजारी माणसाचं औषधपाणी नाही. हे सगळं दुसरं कुणीतरी करत असेल असं गृहीत धरलेलं होतं, आणि ते ‘दुसरं कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. म्हणून आजही आठ-आठ-आठ कागदावर छान दिसतं आणि घरात शिरलं की कोलमडतं.

शरीरात घड्याळ असतं म्हणजे नेमकं काय?

१७२९ मध्ये ज्याँ-ज्याक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक रोप अंधारात ठेवलं. या रोपाची पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. ती उन्हामुळे उघडत असतील, असा कुणाचाही अंदाज असणार. पण अंधारातही पानं आपापल्या वेळी उघडत-मिटत राहिली. वेळेचा हिशोब झाडाच्या आतच कुठेतरी ठेवला जात होता.

माणसात तो हिशोब ठेवणारी मुख्य जागा मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या थोडं वर सुमारे वीस हजार पेशींचा एक बारीक पुंजका असतो. कधी तरतरी यावी, कधी अंगाचं तापमान उतरावं, कधी कुठलं संप्रेरक स्रवावं याचं वेळापत्रक तिथून चालतं. यालाच जैविक घड्याळ म्हणतात.

पेशीला वेळ कळते तरी कशी? याचं उत्तर फळमाशीत सापडलं आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकल रोसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलं की नळ पुन्हा सुरू. पेशीतही रात्री एक प्रथिन साठत जातं आणि पुरेसं साठलं की स्वतःचंच उत्पादन बंद पाडतं. मग ते हळूहळू नष्ट होतं आणि नळ पुन्हा उघडतो. या एका फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो.

यातला ‘साधारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. म्हणजे भिंतीवरचं एखादं घड्याळ रोज थोडं मागे पडावं आणि ते रोज जुळवून घ्यावं लागावं, तसं आपलं आहे. ते मुख्यतः जुळतं प्रकाशाने. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं काम चित्र दाखवणं नसून उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं आहे. निळसर प्रकाशाने त्या सर्वाधिक उत्तेजित होतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कैक पटींनी जास्त असतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळे चटकन सरावतात.

१९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता एका गुहेत दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती २० ऑगस्ट. मनाचा अंदाज २५ दिवसांनी चुकला होता. पण त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी पाहिल्या, तर फेरा सरासरी साडेचोवीस तासांचा निघाला. मनाला वेळेचा पत्ता राहिला नाही तरी शरीराची मोजणी चालूच होती.

मग दमूनही रात्री झोप का येत नाही?

झोपेमागे एकटं घड्याळ नसतं. झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली कल्पना आजही वापरात आहे. झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते. एक घड्याळ, आणि दुसरी जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. रांजणात थेंबथेंब पाणी पडत राहावं तसं. झोपेत हा रांजण रिकामा होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन रांजण रिकामा करत नाही. तो भरला आहे ही खबर तेवढी मेंदूपर्यंत पोचू देत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पाच तासांनीही शरीरात असतं, म्हणून संध्याकाळच्या कॉफीचा रात्रीशी संबंध येतो.

आता एक गंमत पाहा. दिवस मावळेपर्यंत रांजण बराच भरलेला असतो, तरी आपण संध्याकाळी कोसळत नाही. कारण त्याच वेळी घड्याळ जागेपणाचा जोर वाढवतं. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास पुष्कळांना उलट तरतरीचे वाटतात. दिवसभर राबलेला माणूस रात्री नऊला ‘आता थोडं काम उरकून टाकू’ म्हणून बसतो तो याच जोरावर. दमलेलं शरीर आपल्याला परवानगी देतंय असं वाटतं. पण ही परवानगी घड्याळाने दिलेली असते आणि ती थोड्या वेळापुरतीच असते.

दुपारच्या गुंगीचंही तसंच. ती पोट भरल्यामुळे येते असं आपण मानतो, पण न जेवताही ती येते. जड जेवणाने फार तर वाढते. ज्यांच्या हातात आहे त्यांनी डोकं लागणारं काम उठल्यानंतरच्या काही तासांत घ्यावं आणि फायली लावणं, उत्तरं धाडणं असली कामं दुपारसाठी राखावीत. तेवढ्याच तासांत पुष्कळ फरक पडतो.

समेची जागा ठरवणं

तबल्यावर तीनताल वाजत असतो. सोळा मात्रांचं आवर्तन, पहिल्या मात्रेवर सम. गाणारा मधल्या मात्रांमध्ये हवा तसा फिरतो. तान लांबवतो, शब्द उशिरा उचलतो, लयीशी खेळतो. पण समेवर येतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. ज्यांचा दिवस सुरळीत चालतो, त्यांचा मिनिटामिनिटाचा तक्ता ठरलेला असतो असं मला पूर्वी वाटायचं. जवळून पाहिलं तेव्हा दिसलं, की त्यांच्या समेच्या दोन-तीनच जागा पक्क्या असतात. मधला दिवस त्यांचाही वाकडातिकडाच जातो.

पहिली जागा उठण्याची वेळ. झोपण्याची नव्हे. झोप हुकमाने येत नाही, पण उठणं आपल्या हातात असतं. रोज साधारण एकाच वेळी उठलं आणि त्यानंतर थोडा वेळ बाहेरच्या उजेडात काढला, की घड्याळ जुळतं. रांजणही रोज त्याच वेळेपासून भरायला लागतो, त्यामुळे रात्रीची झोप हळूहळू आपली वेळ धरते.

दुसरी जागा काम संपण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्षित हीच आहे. पूर्वी भोंगा व्हायचा, फाटक बंद व्हायचं, माणूस चालत घरी यायचा. त्या चालण्यात काम गळून पडायचं. आता काम खिशातल्या फोनमध्ये असतं. सोफी लेरॉय या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेतलं तरी लक्षाचा एक तुकडा पहिल्या कामापाशीच राहतो. जेवताना समोर मूल काहीतरी सांगत असतं आणि आपण ‘हं’ म्हणतो, तो हा तुकडा. लेरॉय यांच्या पुढच्या कामातून एक साधा उपायही निघाला. काम सोडण्याआधी ते कुठवर आलं आहे आणि परत आल्यावर नेमकं काय करायचं हे लिहून ठेवायचं. मन ते काम मग धरून बसत नाही. मी उद्याचं पहिलं वाक्य कागदावर लिहिते, संगणक मिटते आणि घराभोवती दोन फेऱ्या मारून आत येते. काम घरूनच करत असले तरी ‘घरी आले’ असं तेव्हाच वाटतं.

तिसरी जागा घरातल्या माणसांनी एकत्र येण्याची. तिच्याबद्दल पुढे.

आणि तालात नववी मात्रा खालीची असते. तिथे डग्ग्याचा घुमार थांबतो. पण ती मात्रा गळलेली नसते, हाताने मोजलेली असते. खाली काढून टाकली म्हणून तीनताल लवकर पुरा होत नाही, तो तीनतालच राहत नाही. विश्रांतीला आपण ‘उरलेला वेळ’ म्हणतो तेव्हा हीच चूक करतो. काम संपलं तर बसू, असं म्हणणाऱ्या माणसाचं काम संपत नाही, विशेषतः घरचं. बसण्याची वेळ आवर्तनातच असायला हवी. पाच मिनिटांची का असेना, पण मोजलेली.

घरात घड्याळं अनेक असतात

सगळ्यांची घड्याळं एकाच वेळी जुळवलेली नसतात. काही माणसं पहाटेची, काही रात्रीची. यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि वयाचाही. किशोरवयात घड्याळ मागे सरकत जातं, विशीच्या आसपास सर्वांत मागे असतं आणि मग वयाबरोबर पुन्हा पुढे येऊ लागतं. सोळा वर्षांचा मुलगा रात्री बाराला टक्क जागा असतो आणि सकाळी सहाला उठवत नाही, यात आळसापेक्षा वयाचा भाग मोठा असतो. आजोबा पहाटे चारला उठून बसतात तेही वयामुळेच. या दोघांना एका तक्त्यात कोंबायला गेलं की रोज सकाळी भांडण ठरलेलं.

कुटुंबासाठी वेळ काढायचा म्हणजे सगळ्यांच्या घड्याळांचा छेद शोधायचा. कुठल्या अर्ध्या तासात घरातले सगळे जागे असतात, जवळ असतात आणि फार दमलेले नसतात? काही घरांत तो सकाळी निघतो, काहींत रात्रीच्या जेवणाला. तो एकदा सापडला की समेसारखा धरून ठेवायचा. तेवढा अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत. रविवारच्या एका लांबलचक सहलीपेक्षा रोजचा हा छोटा वेळ मुलांना जास्त आधार देतो असं माझं मत आहे, कारण तो येणार हे त्यांना ठाऊक असतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पुष्कळ घरांत एकाची विश्रांती दुसऱ्याच्या जागरणावर उभी असते. किराणा संपत आलाय, लस कधी आहे, शाळेत उद्या काय न्यायचं आहे, हे डोक्यात धरून ठेवणं हेही काम आहे. ते बसल्या बसल्या चालतं म्हणून कुणाला दिसत नाही. ‘मी मदत करतो की’ म्हणणाऱ्याने निदान दोन गोष्टी पूर्णपणे स्वतःच्या डोक्यावर घ्याव्यात, आठवण ठेवण्यासकट. त्याशिवाय दुसऱ्या माणसाला खालीची मात्रा मिळायची नाही.

‘सुट्टीच्या दिवशी भरून काढतो ना!’

आठवडाभर सहाला उठायचं आणि सुट्टीला दहाला. शरीराच्या दृष्टीने हे चार तास पलीकडच्या प्रदेशात विमानाने जाऊन सोमवारी परतण्यासारखं आहे. जैविक घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. झोप खरोखर कमी पडली असेल तर थोडं जास्त झोपणं चुकीचं नाही, पण उठण्याची वेळ तासाभराहून फार सरकवू नये. राहिलेली झोप दुपारी लवकर, वीस-तीस मिनिटांच्या डुलकीने किंवा रात्री लवकर आडवं होऊन घ्यावी.

‘मला सहा तास पुरतात’

असं खरंच असणारी माणसं आहेत, पण फार थोडी. बहुतेक प्रौढांना सात किंवा त्याहून जास्त तास लागतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सलग १४ रात्री फक्त सहा तास झोपू दिलं. त्यांच्या चुका वाढत वाढत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतक्या झाल्या. मला यातली एकच गोष्ट विसरता येत नाही: त्यांना स्वतःला आपण फार झोपाळलो आहोत असं वाटत नव्हतं. म्हणून ‘मला काही होत नाही’ ही साक्ष इथे चालत नाही. १९९७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. पहाटे पाचला उठून रात्री दहाला गाडी चालवत घरी येणारे आपल्यात किती आहेत याचा विचार करा.

‘माझी तर रात्रपाळी असते’

इथे उपदेश करायला जीभ वळत नाही. परिचारिका, पहारेकरी, चालक, कारखान्यातले कामगार जागे असतात म्हणून बाकीचे झोपू शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात ठेवलं आहे, पहिल्यांदा २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. घाबरवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट कामाच्या ठिकाणी मांडता यावी म्हणून सांगते आहे.

माणसाने करण्यासारखं थोडं आहे. घरी पोचल्यावर खोली शक्य तितकी काळोखी करायची, पाळीच्या शेवटच्या तासांत कॅफिन टाळायचं, आणि कामाचा दिवस असो वा सुट्टीचा, झोपेचे तीन-चार तास तरी नेहमी त्याच वेळेचे ठेवायचे. घरच्यांनी त्या वेळेला रात्रीइतकाच मान द्यावा. बेल, फोन, पाहुणे, सगळं थांबवायचं. पाळ्या ठरवणाऱ्यांच्या हातात याहून जास्त आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने पाळ्या फिरवल्या तर शरीराला सोपं जातं. आपलं घड्याळ चोवीस तासांहून थोडं मोठं, त्यामुळे त्याला मागे सरकणं पुढे ओढलं जाण्यापेक्षा सोपं.

‘शिस्त असली की सगळं जमतं’

जमत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी. इतक्या तासांत समेची जागा कुठेही ठरवली तरी आवर्तनच मोडलेलं असतं. अशा वेळी स्वतःला बेशिस्त म्हणून कोसत बसण्यापेक्षा काम कमी करण्याची मागणी करणं जास्त खरं आहे.

घरात तान्हं बाळ असलं तरी हीच गोष्ट. नवजात बाळाचं घड्याळ अजून बसायचं असतं, दिवस-रात्रीचा फरक कळायला त्याला दोन-तीन महिने लागतात. त्या दिवसांत आई-बाबा दोघांनीही प्रत्येक वेळी उठण्यापेक्षा रात्र वाटून घ्यावी. एकाने मध्यरात्रीपर्यंत बाळाकडे पाहावं, दुसऱ्याने पुढे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही मधलं बाळाला शांत करणं, लंगोट बदलणं दुसऱ्याने केलं तर थोडी सलग झोप मिळते.

सुरुवात कुठून करावी?

आठवडाभर फक्त नोंद करा. कधी उठलो, कधी झोप लागली, काम खरोखर कधी सुटलं, घरातले सगळे एकत्र कधी होते. काही बदलू नका. मग एकच समेची जागा निवडा, शक्यतो उठण्याची. ती एकदम दीड तास अलीकडे आणू नका. पंधरा-वीस मिनिटांनी सरकवा, चार दिवस तिथे थांबा, मग पुन्हा. पहिले काही दिवस रात्री लवकर आडवं होऊन झोपेची वाट पाहत राहू नका. घड्याळ त्या वेळी जागेपणाच्या जोरात असतं आणि पडल्या पडल्या चिडचिड वाढते. झोप आली की जा.

आजारपण, परीक्षा, पाहुणे, प्रवास यांत ती जागा हमखास चुकेल. चुकली की मधल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नका. दुसऱ्या सकाळी ठरलेल्या वेळी उठून उजेडात उभं राहणं पुरेसं असतं. पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चाललं असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं शेजारी झोपणाऱ्याने सांगितलं असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.